सिमेंट बोर्डात भोकं पाडताना: बाथरूमच्या भिंतीसाठी मापापासून कड बंद करण्यापर्यंत

पेठेतल्या जुन्या घरात माडीवर बाथरूम काढायचं म्हटलं की विटेची भिंत चालत नाही. लाकडी तुळयांना तो भार झेपत नाही. मग जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) फ्रेम, तिच्यावर सिमेंट बोर्ड आणि बोर्डावर टाइल. कोल्हापुरात मंगळवार पेठेत असो वा राजारामपुरीतल्या गच्चीवरच्या खोलीत, काम तेच. बोर्ड सरळ कापणं बहुतेक मिस्त्रींना जमतं. काम बिघडतं ते नळ, ड्रेन आणि स्विचबॉक्सच्या भोकांपाशी. तिथलंच पाणी पुढे फ्रेमला गंज चढवतं आणि खालच्या खोलीच्या पाटईवर (लाकडी छतावर) डाग उठवतं.

बिघाडाचं मूळ बहुधा एका वाक्यात असतं: "मालक, आधी बोर्ड चढवू, भोकं काय मागनं पाडता येतील की." चढवलेल्या बोर्डात भोक पाडताना मागे काय आहे ते दिसत नाही, पाठीमागचा पापुद्रा उडतो आणि शेवटी हातोडीने ठोकून जागा केली जाते. म्हणून या लेखातला क्रम पक्का धरा: पाइपची चाचणी, बोर्ड मापात कापणं, खुणा, जमिनीवर भोकं, सुकी जुळणी, मग स्क्रू.

टप्पा १: बोर्ड कोणता आलाय ते पाहा

लक्ष्मीपुरीत जाऊन नुसती 'सिमेंट शीट' मागितली तर तीनपैकी काहीही हातात पडू शकतं. पहिला फायबर सिमेंट बोर्ड. ओल्या भिंतीसाठी हाच घ्यावा. दुसरा लाकडाच्या चुऱ्याचा, ज्याला सगळे बायसन पॅनेल म्हणतात. तो मजबूत असतो, पण कापलेली कड उघडी राहिली तर पाणी पिते आणि फुगते. तिसरा कॅल्शियम सिलिकेटचा, वजनाला हलका, फॉल्स सीलिंगला उत्तम. शॉवरच्या भिंतीला मी तो लावणार नाही.

टाइलसाठी किमान ८ मिमी, शक्यतो १० मिमी जाडी घ्या. ८ बाय ४ फुटांचा ८ मिमी बोर्डसुद्धा ३० किलोच्या आसपास भरतो. माडीचा जिना अरुंद असेल तर खालीच मापात कापून वर न्या.

थांबा: घरात जुनी सपाट सिमेंटची शीट पडून असेल तर ती वापरू नका, कापूही नका. तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी. नवीन घेतानाही 'अ‍ॅस्बेस्टॉस-विरहित' असं बोर्डावर किंवा पत्रकात छापलेलं आहे का ते वाचा. दुकानदाराचा शब्द पुरेसा नाही, कारण अ‍ॅस्बेस्टॉसच्या शीट आपल्याकडे अजूनही उघड विकल्या जातात.

टप्पा २: हत्यारं आणि धूळ

लागणारं सामान फार नाही:

- वेग कमी-जास्त करता येणारं ड्रिल मशीन, ज्याचं हॅमर बंद करता येतं
- कार्बाइडचा होल सॉ (गोल भोक कापणारी करवत), ३२ किंवा ३५ मिमी. मोठ्या पाइपसाठी ११५ ते १२० मिमी
- ६ आणि १० मिमीचे कार्बाइड टोकाचे बिट
- कार्बाइड पात्याचा जिगसॉ (बारीक पात्याची विजेची करवत)
- ४ इंची ग्राइंडर, अखंड कडेची डायमंड डिस्क
- टेप, गुण्या, पाणलेव्हलची नळी, पेन्सिल, खरखरीत कानस

लाकडासाठीचा होल सॉ घरात असतो म्हणून तोच लावला जातो. एक-दोन भोकांत त्याचे दात बोथट होतात, मग माणूस जोर लावतो आणि बोर्ड तडकतो. त्याच्या मधला पायलट बिटही साध्या स्टीलचा असतो. तो सिमेंटवर घासून गरम होतो, पुढे जात नाही. डायमंडचा होल सॉ चालतो, पण त्याला सतत पाणी लागतं. एका बाथरूममध्ये सहा-सात भोकं. तेवढ्यासाठी मी कार्बाइडच घेईन.

धुळीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे फार हयगय होते. सिमेंट बोर्डात वाळूचं पीठ म्हणजे सिलिका असते. कापताना तिचे इतके बारीक कण उडतात की ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि थेट फुफ्फुसात जाऊन बसतात. सिलिकोसिस त्यानेच होतो आणि झालेला बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधून हे कण अडत नाहीत. एन-९५ मास्क घ्या, नाकावरची पट्टी दाबून बसवा. कापणं गच्चीवर किंवा अंगणात करा. ग्राइंडर ही सगळ्यात जास्त धूळ काढणारी वस्तू, म्हणून तो शेवटचा पर्याय ठेवा. काम संपल्यावर कोरडा झाडू मारू नका. पाणी शिंपडून पुसून घ्या.

थांबा: धूळ दाबायला पाणी मारायचं तर ओल्या स्पंजने बोर्ड ओला करा, चालू मशीनवर मगाने पाणी ओतू नका. ज्या स्विचबोर्डावरून वीज घेताय त्याला ३० मिलीअँपचं आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारा स्विच) आहे का ते आधी पाहा. जुन्या घरांत ते बहुधा नसतं. पावसाळ्यात ओल्या गच्चीवर तर ही खात्री केल्याशिवाय प्लग लावूच नका.

टप्पा ३: भोकांआधी पाइप पक्के करा

भोक बरोबर आणि पाइप हलणारा, असं असेल तर सगळी मेहनत वाया. बोर्ड नळ धरून ठेवत नाही. प्रत्येक पॉइंटमागे दोन स्टडच्या (फ्रेमच्या उभ्या पट्ट्यांच्या) मध्ये आडवी जीआय पट्टी किंवा जाड मरीन प्लायचा तुकडा द्या आणि पितळी एल्बो (पाइपचा काटकोनी सांधा) त्यावर स्क्रूने आवळा. हाताने नळ हलवल्यासारखं करून पाहा. एल्बो जरासुद्धा डुलता कामा नये.

मग खोलीचा हिशेब. १० मिमी बोर्ड, सुमारे ५ मिमी चिकटवण्याचा मसाला, ८-९ मिमी टाइल, म्हणजे स्टडच्या तोंडापासून टाइलच्या तोंडापर्यंत २३-२४ मिमी. एल्बोचं तोंड या रेषेच्या किंचित आत हवं. बाहेर आलं तर नळाची फ्लँज (भिंतीला टेकणारी गोल तबकडी) टाइलला टेकणार नाही. फार आत गेलं तर एक्स्टेन्शन निप्पलचे (लांबी वाढवणाऱ्या आट्यांच्या नळीचे) तुकडे जोडत बसावं लागतं. डायव्हर्टरच्या (पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) बॉडीवर प्लॅस्टिकचं झाकण असतं, त्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या रेघा असतात. टाइलचं तोंड त्या दोन रेघांच्या मध्ये आलं पाहिजे. ते झाकण मिस्त्री पहिल्या दिवशीच काढून फेकतात. फेकू देऊ नका.

वॉल मिक्सर (गरम-गार पाणी मिसळणारा भिंतीवरचा नळ) असेल तर गरम आणि गार पॉइंटमधलं अंतर केंद्र ते केंद्र १५० मिमी ठेवा आणि दोन्ही एका पातळीत. मिक्सरचे लेग (त्याला भिंतीतल्या पॉइंटशी जोडणारे वाकडे तुकडे) थोडा फेर सांभाळतात, पण तो फेर टाइलच्या चुकीसाठी राखून ठेवा.

तपासा: सगळ्या पॉइंटना प्लग लावून लाइनमध्ये पाणी भरा. प्लंबरकडे हातपंप असेल तर दाबाची चाचणी घ्या. नसेल तर किमान टाकीचा पूर्ण दाब रात्रभर ठेवून सकाळी प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवा. बोर्ड लागल्यावर ही संधी परत येत नाही.

टप्पा ४: खुणा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. भोक पाडायला दोन मिनिटं लागतात, खूण करायला पंधरा लागली तरी चालतील.

१. आधी बोर्ड लांबी-रुंदीत कापून घ्या. भोक आधी आणि कड नंतर कापली तर मोजलेलं माप कशापासून धरायचं तेच उरत नाही.

२. बोर्ड जमिनीला टेकवायचा नसतो, खाली दोन सूत म्हणजे ६ मिमी फट ठेवायची. शेजारच्या बोर्डाशी एक सूत, ३ मिमी. इथे सगळे एकच चूक करतात: जमिनीपासून मोजतात आणि फट वजा करायला विसरतात. भोक ६ मिमी वर जातं. त्यातून बाथरूमच्या जमिनीला उतार असतो, तो वेगळाच. म्हणून वजाबाकीच्या नादी लागू नका. पाणलेव्हल धरून बोर्डाची खालची कड जिथे येणार तिथे सगळ्या स्टडवर रेघ मारा. बाजूची कड जिथे येणार तिथेही वरच्या आणि खालच्या चॅनेलवर खूण करा. आता पाइपचं केंद्र या दोन रेघांपासून मोजा. जे आकडे येतील तेच जसेच्या तसे बोर्डाच्या कडांपासून घ्यायचे.

३. निप्पलचं केंद्र नजरेने ठरवू नका. पॉइंटमध्ये लांब प्लग लावा, त्याच्या डाव्या आणि उजव्या कडेची मापं घ्या, बेरजेच्या निम्मं करा. उदाहरणार्थ, बाजूच्या रेघेपासून डावी कड ४०२ आणि उजवी ४२३ असेल तर केंद्र ४१२.५. उंचीचंही तसंच.

४. खूण बोर्डाच्या दर्शनी बाजूवर करा आणि त्याच बाजूवर मोठ्या अक्षरात 'पुढे' आणि वर बाण काढा. पालथ्या बोर्डावर तेच माप घेतलं की डावं उजवीकडे जातं. बोर्ड वाया जाण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे, आणि ते बोर्ड चढवेपर्यंत कळत नाही.

५. घरमालक आणि मिस्त्री दोघांनी एकच माप धरावं. एकजण मिलिमीटर सांगतो, दुसरा सूत ऐकतो, आणि '५ कमी घ्या' याचा अर्थ १५ मिमी होतो. मला मिलिमीटर बरे वाटतात, पण तुमचा मिस्त्री सुतात मोजणारा असेल तर पूर्ण काम सुतातच करा.

पडताळणीसाठी जुनी युक्ती अजूनही चांगली आहे. प्लगच्या तोंडांना ओली काव लावा, दोघांनी बोर्ड उचलून ६ मिमीच्या पाचरांवर ठेवा, बाजूची कड खुणेला जुळवा आणि बोर्ड प्लगवर दाबा. पाठीवर लाल ठसे उमटतात. मोजलेल्या खुणेवर पुढून ६ मिमीचं आरपार छोटं भोक घ्या; ते ठशाच्या मधोमध निघालं तर माप बरोबर. सगळे प्लग सारखेच बाहेर आलेले हवेत, नाहीतर बोर्ड तिरका टेकतो आणि ठसा खोटं सांगतो.

तपासा: भोकाची कड बोर्डाच्या कडेपासून ५० मिमीपेक्षा जवळ येतेय का? तेवढी पट्टी वाहून नेतानाच तुटते. अशा वेळी बोर्डाचा सांधा सरकवा. ते शक्य नसेल तर गोल भोकाऐवजी कडेपर्यंत उघडी यू आकाराची खाच घ्या.

टप्पा ५: भोक किती मोठं?

अर्धा इंची निप्पलच्या आट्यांचा बाहेरचा व्यास २१ मिमीच्या आसपास असतो. भोवती ५ ते ७ मिमी मोकळी जागा हवी, म्हणजे ३२ किंवा ३५ मिमीचं भोक. नळाची फ्लँज साधारण ५० ते ६० मिमीची असते. भोक तिच्या आत लपलं पाहिजे आणि शिवाय टाइलला टेकायला बोर्ड उरला पाहिजे. 'जरा मोठंच घे, बसवायला बरं' म्हणून ७५ मिमीचं भोक पाडलं की नळाभोवतीच्या टाइलला मागे आधार राहत नाही, आणि नळ घट्ट करताना ती तिथेच तडकते.

उलट अगदी घट्ट भोकही नको. गरम पाण्याची लाइन लांबी-रुंदीत हलते. गीझर चालू-बंद झाला की पाइप बोर्डाच्या कडेवर घासतो आणि सीलंट सुटतं.

११० मिमीच्या ड्रेनला ११५ ते १२० मिमी. बेसिनच्या ३२ किंवा ४० मिमीच्या वेस्ट पाइपला १० मिमी वाढवून घ्या.

टप्पा ६: गोल भोकं

बोर्ड दोन घोड्यांवर आडवा ठेवा, भोकाच्या अगदी खाली प्लायचा टाकाऊ तुकडा द्या. नुसत्या घोड्यांवर ठेवून मध्ये भोक पाडलं तर बोर्ड मधून लवतो आणि भोकापासून चीर धावते.

हॅमर बंद आहे ना, हे चालू करण्याआधी बटण बघून पक्कं करा. पायलट आरपार जाऊ द्या. मग होल सॉ कमी वेगावर, हात हलका ठेवून साधारण अर्ध्या जाडीपर्यंत उतरवा. मध्येच बाहेर काढून पीठ झटका, नाहीतर दात पिठातच फिरत राहतात. आता बोर्ड पालथा करा आणि पायलटच्या भोकावरून मागून उरलेलं कापा. चकती मधोमध सुटते आणि दोन्ही अंगांना कड साफ राहते. एकाच बाजूने आरपार नेलं तर शेवटच्या दोन मिलिमीटरला पाठीचा पापुद्रा रुपयाएवढा उडतो. पुढून दिसत नाही म्हणून कुणी मनावर घेत नाही, पण तिथूनच बोर्ड पाणी पितो.

भोक लहान पडलं आणि मोठं करायचं असेल तर पायलटला धरायला जागाच नसते, होल सॉ बोर्डभर नाचतो. प्लायच्या तुकड्यात हव्या त्या मापाचं भोक पाडा, तो तुकडा बोर्डावर क्लँपने आवळा आणि त्यातून होल सॉ उतरवा. प्लायची कड त्याला सरळ धरते.

११५ मिमीचा होल सॉ एका भोकासाठी विकत घेणं महाग वाटलं तर वर्तुळ आखून आतल्या बाजूने, रेघेला चिकटून, ६ मिमीची भोकं ओळीने पाडा, मधल्या भिंती जिगसॉने तोडा आणि कड कानशीने घासा. वेळ लागतो, पण नीट होतं. ग्राइंडरने गोल कापायला जाऊ नका. सरळ डिस्क वळत नाही, रेघेबाहेर चिरा जातात.

टप्पा ७: चौकोनी भोकं

स्विचबॉक्स आणि एक्झॉस्ट फॅनसाठी. इथे ग्राइंडरचा मोह होतो, म्हणून एक हिशेब सांगतो. १०५ मिमीची डिस्क १० मिमी बोर्डातून पलीकडे फक्त टेकेपर्यंत उतरवली तरी वरच्या अंगाला सुमारे ६० मिमी लांब चीर पडते. लहान बॉक्सची बाजूच ७५ मिमीची. कोपऱ्यापर्यंत तळ कापायला गेलात की वर चीर कोपऱ्याबाहेर पळालीच. ती चीर म्हणजे पुढच्या तड्याची सुरुवात.

म्हणून चारही कोपऱ्यांत, रेघेच्या आत, १० मिमीचं एकेक भोक पाडा आणि जिगसॉने एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत जा. कोपरा किंचित गोल राहतो, ते चांगलंच. बोर्ड काटकोनी कोपऱ्यातून तडकतो. बॉक्सचा कान अडत असेल तर तेवढाच कानशीने घासा. फॅनचं मोठं भोक असेल तर ग्राइंडर चालेल, पण पाठीमागून, आणि कोपऱ्याआधी थांबून.

थांबा: शॉवरच्या पाण्याच्या माऱ्यात स्विचबॉक्ससाठी भोक पाडूच नका. गीझरचा स्विच शक्यतो बाथरूमच्या बाहेर.

टप्पा ८: सुकी जुळणी

भोकं पाडलेला बोर्ड उभा धरूनच न्या. आडवा उचलला की मोठ्या भोकापाशी मोडतो. पाचरांवर ठेवून पाइपवर सरकवा. जोर लावावा लागत असेल तर थांबा आणि कुठे अडतंय ते पाहून तेवढंच घासा. हातोडी लांब ठेवा. "बसतंय की, एक ठोका द्या" म्हणणाऱ्याला चहा पाजायला पाठवा.

प्रत्येक पाइपभोवती फट सगळीकडून सारखी दिसली की स्क्रू मारा, कडेपासून १५ मिमी आत आणि भोकाच्या तोंडाशी नाही.

भोक अगदीच चुकीच्या जागी पडलं तर? नवीन भोक आणि जुनं यांच्यात बोटभरच पट्टी उरत असेल तर बोर्ड बदला. लांब असेल तर मागून बोर्डाचाच मोठा तुकडा चिकटवून स्क्रूने आवळा, पुढून कापलेली चकती टाइलच्या मसाल्यात बसवा आणि वरून जाळीची पट्टी घ्या. नुसत्या व्हाइट सिमेंटने बुजवलेलं भोक टाइल ठोकताना मागे पडतं.

टप्पा ९: कड बंद करणं

सिमेंट बोर्ड पाण्याने कुजत नाही, पण पाणी आरपार जाऊ देतो. कापलेली कड तर आणखी. आणि इथे क्रम चुकला तर महागडं मटेरियलही निकामी.

सिलिकॉन आधी भरू नका. सिलिकॉनवर वॉटरप्रूफिंगचा कोट धरत नाही, पापुद्र्यासारखा सुटून येतो. आधी भोकाच्या कडेची धूळ ओल्या ब्रशने काढा. कडेला वॉटरप्रूफिंगचा पातळ हात आतपर्यंत फिरवा, वाळू द्या. मग फटीत पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. भोकातून सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लॅस्टिकचा) पाइप थेट जात असेल तर ट्यूबवर सीपीव्हीसीला चालतं असं लिहिलेलंच सीलंट घ्या. काही सीलंट आणि तेलकट वस्तूंनी तो पाइप तडकतो. सीलंट सुकल्यावर पाइपभोवती अल्कलीला टिकणाऱ्या फायबर जाळीचा तुकडा, मध्ये पाइपच्या मापाचं भोक पाडून, पहिल्या ओल्या कोटात दाबा आणि त्यावर दुसरा कोट. दोन कोटांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ द्या. जुलै-ऑगस्टच्या आपल्याकडच्या हवेत त्याहून जास्त. बोट लावून चिकट लागत असेल तर दुसरा हात मारू नका.

सिलिकॉनचा नंबर सगळ्यात शेवटी, टाइल झाल्यावर, फ्लँजच्या मागे. न्यूट्रल प्रकारचं सॅनिटरी सिलिकॉन घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिमेंट आणि पितळ दोघांनाही मानवत नाही.

टाइलमधलं भोक वेगळं पाडायचं, डायमंड बिटने, पाणी देत, हॅमर बंद ठेवून. ते बोर्डातल्या भोकापेक्षा थोडं लहान असलं तरी चालतं. ग्राइंडरने अधिकचं चिन्ह कापून टाइल फोडण्याची पद्धत दिसली तर तिथेच अडवा; त्या चिरा फ्लँजबाहेर दिसतात.

तपासा: नळ बसवण्याआधी प्रत्येक भोकाभोवती ओला फडका दहा मिनिटं दाबून धरा आणि पार्टिशनच्या मागून, दुसरी बाजू बंद करण्यापूर्वी, टॉर्च मारून पाहा. पाठीवर ओल उमटली तर सीलंट काढून त्या एका भोकाचा टप्पा ९ पुन्हा करा. मागची बाजू त्यानंतरच बंद करा.